चिलटांच्या घरी मुलगे का जगत नाहीत?

केळ्यांचा घड दोन दिवस जास्त राहिला, सालींवर काळे ठिपके पडले, की कुठून कोण जाणे, बारीक बारीक चिलटं त्याच्याभोवती फिरू लागतात. हाकलली तरी जात नाहीत. आपण शिकरण करून मोकळे होतो. चिलटांकडे निरखून पाहावं असं काही आपल्याला वाटत नाही. पण गेली शंभराहून अधिक वर्षं जगातले कितीतरी बुद्धिमान लोक याच चिलटांकडे भिंगातून पाहत बसले आहेत. आईबापांकडून मुलांकडे काय जातं आणि कसं जातं, याची बरीचशी गोष्ट आपल्याला यांनीच सांगितली आहे. त्यांचं शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला. आंब्याच्या बागायतदाराची झोप उडवणारी फळमाशी ती ही नव्हे, ती वेगळ्या कुळातली. ही आपल्या स्वयंपाकघरातली, लाल डोळ्यांची, दोन-तीन मिलिमीटरची.

मी कलाशाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. चिलटांशी तुमचा काय संबंध, असं कोणीही विचारील. संबंध आला तो दोन शब्दांमुळे. पहिला शब्द ‘अभिव्यक्ती’. हा आम्हा कवींचा लाडका शब्द. जीवशास्त्राच्या मराठी लिखाणात ‘जनुकांची अभिव्यक्ती’ असं वाचलं तेव्हा थबकलो. दुसरा शब्द ‘संकर’. शेतात तो कौतुकानं येतो: संकरित ज्वारी, संकरित गाय. माणसांच्या बाबतीत मात्र तोच शब्द पुष्कळदा शिवीसारखा वापरला जातो. संकरानं खरोखर काय बिघडतं आणि का बिघडतं, याचं उत्तर चिलटांपाशी आहे. ते बरंच अनपेक्षित आहे.

आधी थोडी तोंडओळख करून घेऊ. आपल्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या जोड्या असतात. माणसात २३ जोड्या, चिलटात अवघ्या ४. जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून येतं, एक बापाकडून. गुणसूत्र म्हणजे एक पोथी समजा आणि तिच्यात ओळीनं लिहिलेल्या ओव्या म्हणजे जनुकं. चिलटात अशी सुमारे १४ हजार जनुकं आहेत. तीन जोड्यांमध्ये दोन्ही पोथ्या सारख्याच असतात. उरलेली जोडी लिंग-गुणसूत्रांची. मादीकडे दोन एक्स. नराकडे एक एक्स आणि एक वाय. आता वायवर जनुकं अगदी मोजकी, आणि एक्सवर दोन हजारांहून अधिक. म्हणजे एक्सवरच्या प्रत्येक ओवीच्या मादीकडे दोन प्रती असतात, नराकडे एकच. एवढं ध्यानात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावरच उभी आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांची एक प्रयोगशाळा होती. दुधाच्या बाटल्यांत चिलटं पाळलेली, खायला केळी. १९१० साली तिथे लाल डोळ्यांच्या हजारोंमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. त्याच्या पिढ्या मोजत मोजत मॉर्गन यांनी दाखवलं, की डोळ्यांचा हा रंग एक्स गुणसूत्रासोबत चालतो. १९३३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचा एक विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट. त्यानं १९१९ साली एक नवी जात जगापुढे ठेवली. आपल्या नेहमीच्या चिलटाला म्हणतात मेलॅनोगॅस्टर. या नव्या जातीचं नाव सिम्युलन्स. दोघी इतक्या सारख्या की त्यांच्या माद्या शेजारी ठेवल्या तर जाणकारही चकेल. पण त्यांची सोयरीक जुळवली तेव्हा फरक उघड झाला. आई मेलॅनोगॅस्टर आणि बाप सिम्युलन्स असेल तर फक्त मुली जगतात. मुलगे अळीच्या अवस्थेतच, कोशात जाण्याच्या सुमारास मरतात. जगलेल्या मुलींनाही संतती होत नाही.

१९२२ साली जे. बी. एस. हाल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञानं अशा अनेक संकरांची उदाहरणं एकत्र मांडली. हेच हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम केलं, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांना एक सूत्र दिसलं. दोन जातींच्या संकरात मुलगा किंवा मुलगी यांपैकी एकच मरत असेल किंवा वंध्य होत असेल, तर बहुधा ज्याच्याकडे लिंग-गुणसूत्रांची बेजोड जोडी आहे त्याच्यावर संकट येतं. चिलटात आणि सस्तन प्राण्यांत ही बेजोड जोडी नराकडे असते, म्हणून नराचं बिघडतं. पक्ष्यांत आणि फुलपाखरांत ती मादीकडे असते, तिथे मादीचं बिघडतं. म्हणजे पुरुष नाजूक की बाई नाजूक, असा हा प्रश्नच नाही. प्रश्न त्या जोडीचा आहे. या सूत्राला आज हाल्डेनचा नियम म्हणतात.

अपवाद आहेतच. वरचीच सोयरीक उलटी केली, आई सिम्युलन्स आणि बाप मेलॅनोगॅस्टर, तर मुली अंड्यात मरतात आणि मुलगे बहुतांशी जगतात. तिथे कारण वेगळं आहे. बापाकडून आलेल्या एक्सवर एकाच मजकुराची हजारो वेळा आवृत्ती झालेला एक पट्टा असतो. परक्या आईच्या अंड्यात तो सांभाळला जात नाही आणि पेशी दुभंगताना ते गुणसूत्र अडकून बसतं. कारण निराळं, पण कळीचं गुणसूत्र पुन्हा एक्सच.

मग एक्समध्ये असं काय आहे? इथे ‘अभिव्यक्ती’ येते. पोथी कपाटात असणं वेगळं आणि ती वाचली जाणं वेगळं. जनुक वाचलं जातं, त्याची आरएनए नावाची नक्कल निघते आणि तिच्यावरून बहुधा प्रथिन तयार होतं. कोणतं जनुक, कुठल्या पेशीत, केव्हा आणि किती जोरात वाचलं जातं, याला अभिव्यक्ती म्हणतात. आता नराकडे एक्सची एकच प्रत. ती साध्या आवाजात वाचली तर मादीच्या निम्मंच प्रथिन तयार होईल आणि सगळा हिशेब चुकेल. यावर निसर्गानं वेगवेगळ्या घरी वेगवेगळे उपाय काढले. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत मादीचा एक एक्स बहुतांशी गप्प केला जातो. मेरी लायन यांनी हे १९६१ साली मांडलं. चिलटानं उलट केलं: नराच्या एकुलत्या एक्सचा आवाज दुप्पट केला. रेडिओचं बटण फिरवावं तसा. १९६५ साली मुखर्जी हे भारतीय संशोधक आणि जर्मनीचे बेअरमन यांनी चिलटाच्या अळीच्या लाळग्रंथींतली जाडजूड गुणसूत्रं घेतली, किरणोत्सारी खूण लावली आणि दाखवलं, की नराचा एक एक्स जवळजवळ मादीच्या दोन एक्सइतका आरएनए तयार करतो. हे बटण फिरवणारा प्रथिनांचा एक गटही पुढे सापडला. तो नरातच एकत्र येतो आणि एक्सवर जाऊन बसतो.

हे कळल्यावर सोपं उत्तर समोर होतं. संकरित मुलाच्या पेशीत निम्मा कारभार एका जातीचा, निम्मा दुसरीचा. त्यात हे आवाजाचं बटण नीट फिरत नसणार, म्हणून मुलगा मरत असणार. २००६ साली मणिका पाल-भद्र, उत्पल भद्र आणि जेम्स बर्चलर या संशोधकांनी दाखवलं, की संकरित नरात प्रथिनांचा तो गट एक्सवर नीट बसलेला दिसत नाही. उत्तर सापडल्यासारखं वाटलं. पण २०१० साली डॅनियल बार्बाश यांनी या कल्पनेला जनुकांच्या प्रयोगांची कसोटी लावली, आणि बटण बिघडणं हे मृत्यूचं मूळ कारण ठरेना. जो मरणाच्या वाटेवर आहे त्याच्या शरीरात पुष्कळच गोष्टी विस्कटलेल्या असतात. त्यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे वेगळं करणं हेच विज्ञानाचं खरं कष्टाचं काम.

मूळ कारणाकडे जाणारी वाट तशी जुनीच आहे. विल्यम बेटसन, थिओडोसियस डोब्झान्स्की आणि हर्मन म्युलर या तिघांनी १९०९ ते १९४२ या काळात वेगवेगळ्या वेळी ती दाखवली. मी ती माझ्या पद्धतीनं सांगतो. एक भजनी मंडळ आहे. त्यातले निम्मे लोक दुसऱ्या गावी जाऊन राहिले. वर्षं गेली. पहिल्या गावात गाणाऱ्यानं चाल थोडी बदलली, पखवाजवाल्यानं तिच्याशी जुळवून घेतलं. दुसऱ्या गावात पखवाजवाल्यानं ठेका बदलला, गाणाऱ्यानं जुळवून घेतलं. दोन्ही मंडळं आपापल्या गावी उत्तम. आता या गावचा गाणारा आणि त्या गावचा पखवाजवाला एकत्र बसवा. दोघंही गुणी, पण सम सापडत नाही. चूक कुणाची? कुणाचीच नाही. त्यांची एकमेकांशी तालीमच झालेली नाही.

चिलटात हा गाणारा आणि हा पखवाजवाला प्रत्यक्ष सापडले. १९७९ साली सिम्युलन्सचा एक असा वाण मिळाला, ज्याच्याशी सोयरीक केली तर संकरित मुलगे जगतात. त्यात एका जनुकाचं काम बंद पडलेलं होतं. त्याचं नाव एल-एच-आर. १९८७ साली मेलॅनोगॅस्टरच्या एक्सवर दुसरं जनुक सापडलं, एच-एम-आर. त्याचंही काम बंद पडलं की मुलगे वाचतात. म्हणजे मुलगा मरतो तो काही कमी पडल्यामुळे मरत नाही. आईच्या एक्सवरचं एक जनुक आणि बापाकडचं दुसरं एकत्र हजर असतात, म्हणून मरतो. २०१३ साली दिसून आलं, की संकरात या दोन्ही जनुकांची प्रथिनं वाजवीपेक्षा जास्त तयार होतात आणि गुणसूत्रांवर भलत्या ठिकाणी जाऊन बसतात. २०१५ साली तिसरं जनुक सापडलं, तेही बापाच्या बाजूचं. ते शोधणाऱ्यांत प्रमुख नाव होतं नितीन फडणीस. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

मुली मग का वाचतात? त्यांच्याकडेही आईचा तो एक्स आहेच. पण शेजारी बापाचा एक्सही आहे, त्यामुळे परक्या जनुकाची मात्रा अर्ध्यावर राहते. हेच जनुक संकरित मुलींमध्ये जादा मात्रेत घातलं, तर त्यांचंही जगणं कठीण होतं. मुलाकडे मात्र बापाचा एक्स नाही. जे काही आहे ते आईचं, आणि नराच्या रीतीनुसार तेही दुप्पट आवाजात.

कधी मुलगे जगतात, धडधाकट दिसतात, पण वंध्य असतात. सिम्युलन्सची एक भावंड-जात मॉरिशस बेटावर आहे, मॉरिशियाना. सुमारे अडीच लाख वर्षांपूर्वी त्यांची घरं वेगळी झाली. त्यांच्या संकरातल्या मुलींना संतती होते, मुलग्यांना होत नाही. १९९८ साली यामागचं एक जनुक एक्सवर सापडलं. त्याला ओडिसियस असं नाव दिलं आहे. २००९ साली जोशुआ बेज आणि हरमित मलिक यांनी त्याचं प्रथिन नेमकं कुठे जातं ते पाहिलं. हे मलिक मूळचे मुंबईच्या आयआयटीतून रासायनिक अभियांत्रिकी शिकलेले, पुढे अमेरिकेत सिअ‍ॅटलला गेले. त्यांना दिसलं, की मॉरिशियानाचं प्रथिन सिम्युलन्सच्या वाय गुणसूत्रावर जाऊन चिकटतं आणि घट्ट गुंडाळलेलं ते गुणसूत्र सैल करतं. सिम्युलन्सचं स्वतःचं प्रथिन असं करत नाही. घरचा एक्स घरच्या वायला ओळखून वागतो. परक्या वायशी कसं वागावं हे त्याला माहीत नसतं.

एक्सचा हा हात किती मोठा आहे याचा हिशेबही झाला आहे. २००७ साली मॉस्ली आणि प्रेसग्रेव्ह्ज यांनी मॉरिशियानाच्या गुणसूत्रांचे लहान लहान तुकडे एकेक करून सेशेल्स बेटांवरच्या दुसऱ्या भावंड-जातीत नेऊन बसवले. एक्सवरच्या तुकड्यांपैकी ६० टक्क्यांनी नर वंध्य झाले. इतर गुणसूत्रांवरच्या तुकड्यांपैकी फक्त १८ टक्क्यांनी.

या शतकाच्या सुरुवातीला हजारो जनुकांची अभिव्यक्ती एकदम मोजण्याची साधनं आली. वंध्य संकरित नरात शुक्रजंतू घडवणारी कितीतरी जनुकं मंद पडलेली दिसली. इथेही कारण आणि परिणाम यांची तीच अडचण आहे: शुक्रजंतू घडवणाऱ्या पेशीच पुऱ्या तयार झाल्या नसतील तर त्यांची जनुकं ऐकू येणार कशी? तरी संकराचा एक उपयोग फार सुंदर आहे. आवाज कमीजास्त होण्याची कारणं दोन: एक तर रेडिओचं बटणच वेगळं, किंवा ते फिरवणारा हात वेगळा. संकरित पेशीत दोन्ही जातींचे रेडिओ एकाच खोलीत ठेवलेले असतात आणि हात तेच असतात. तरीही आवाज वेगळा आला, तर फरक बटणातच असला पाहिजे. २००४ साली पॅट्रिशिया विटकॉप आणि सहकाऱ्यांनी या युक्तीनं मेलॅनोगॅस्टर आणि सिम्युलन्सची २९ जनुकं तपासली. जवळजवळ सगळ्यांतच बटणाचा फरक निघाला. अनेकांत हाताचाही होता.

आता मूळ प्रश्न. घरच्या घरी एवढे बदल होतात तरी कशासाठी? याचं सर्वांत थक्क करणारं उत्तर दुसऱ्या एका जातीत मिळालं, स्यूडोऑब्स्क्युरा. ती अमेरिकेच्या पश्चिम भागात राहते आणि तिची एक शाखा दूर कोलंबियातल्या बोगोता शहराच्या परिसरात. आई बोगोताची आणि बाप अमेरिकेचा असेल तर मुलगे जवळजवळ वंध्य. पण ते मुलगे म्हातारे होईपर्यंत थांबलं तर थोडी संतती होते, आणि ती जवळपास सगळी मुलींचीच! २००९ साली नितीन फडणीस आणि अ‍ॅलन ऑर यांनी दाखवलं, की वंध्यत्व आणि मुलींचाच भरणा, या दोन्हींमागे एक्सवरचं एकच जनुक आहे. त्याचं नाव ओव्हरड्राइव्ह.

याचा अर्थ काय? नराच्या निम्म्या शुक्रजंतूंत एक्स जातो, निम्म्यांत वाय. एखाद्या एक्सनं लबाडी केली आणि वायवाल्या शुक्रजंतूंना निकामी केलं, तर पुढच्या पिढीत सगळ्या मुली, म्हणजे सगळीकडे तोच एक्स. असा लबाड एक्स घरात निघाला की घरातली इतर जनुकं त्याला आवर घालायला शिकतात. तो पुन्हा वाट काढतो, ती पुन्हा कुलूप बदलतात. बाहेरून पाहणाऱ्याला घर शांत दिसतं. संकरात मात्र या घरचा एक्स त्या घरी जातो, तिथे त्याच्या मापाचं कुलूप नसतं, आणि घरात दाबून ठेवलेलं भांडण चव्हाट्यावर येतं. सगळे संकर असेच बिघडतात असं नाही. पण निदान इथे तरी, भांडण मिसळल्यानं निर्माण झालेलं नाही. ते आधीपासून होतं, मिसळल्यानं दिसलं एवढंच.

यातून माणसांबद्दल काय शिकावं? आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मेलॅनोगॅस्टर आणि सिम्युलन्स लाखो वर्षांपासून वेगळ्या जाती आहेत. मराठीत ‘जात’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरावा लागतो, म्हणून घोटाळा होतो. जीवशास्त्रातल्या अर्थानं पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांची जात आज एकच आहे. जात, धर्म, रंग, देश कोणताही असो, त्यांच्या मुलांच्या बाबतीत हाल्डेनचा नियम कुठेही लागू होत नाही. चिलटांचा दाखला देऊन माणसांच्या सोयरिकी मोडणाऱ्याला चिलटंही कळली नाहीत आणि माणसंही.

आणि खराखुरा संकर पाहायचाच असेल तर तो आपल्याच रक्तात आहे. सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी आपले पूर्वज निअँडरथल या वेगळ्या मानवसमूहात मिसळले. स्वांते पेबो आणि सहकाऱ्यांनी २०१० साली याचा पुरावा दिला. आफ्रिकेबाहेर मूळ असलेल्या सर्व माणसांत, म्हणजे तुमच्या-माझ्यातही, एक ते दोन टक्के निअँडरथल वारसा आहे. २०१४ साली श्रीराम शंकररामन आणि सहकाऱ्यांनी तो वारसा गुणसूत्रागणिक मोजला, तेव्हा एक्सवर तो इतर गुणसूत्रांच्या सुमारे पाचपट कमी निघाला. त्या काळच्या संकरित मुलग्यांपैकी काही कमी प्रजननक्षम असावेत, असा याचा एक अर्थ लावला जातो. म्हणजे चिलटांच्या बाटलीत दिसलेल्या नियमाची पुसट खूण कदाचित आपल्याही पोथीत उरली आहे.

तरीही ती मिसळण फुकट गेली नाही. ज्या मुलांना पुढे मुलं झाली, त्यांचेच आपण वंशज. पुढच्या वेळी केळ्यांवर चिलटं बसलेली दिसली, तर हाकलण्याआधी क्षणभर थांबा. घरोघरच्या चाली वेगळ्या असतात आणि जुळवून घ्यायला तालीम लागते, एवढं त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.